काळ्या डोक्यांची साथ

जनावर बरं झालं तर मी ‘डॉक्टरसाहेब’ आणि मेलं तर ‘तो दवाखान्यातला कंपाउंडर’. नोकरीची सगळी वर्षं मी या दोन नावांच्या मधे काढली. खरं सांगायचं तर मी दोन्ही नव्हतो. पशुधन पर्यवेक्षक हे माझं पद. लोहा तालुक्यातली काही गावं, त्यांच्या मधोमध दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना, एक बर्फाची पेटी आणि एक मोटारसायकल, एवढा माझा संसार. गाई-म्हशींचं रेतन करायचं, लसी टोचायच्या, अडलेली गाय मोकळी करायची, फुगलेल्या बैलाच्या पोटातला वारा काढायचा. मोठं काही निघालं तर तालुक्याच्या डॉक्टरांना बोलवायचं. ते येईपर्यंत जनावर जगलं तर त्यांचं यश, मेलं तर माझा उशीर.

दिवाळी अंकासाठी लिहा, गमतीदार अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं. एक गंमत देतो. एक माणूस भल्या सकाळी दारात आला. म्हणाला, “दाक्तर, म्हैस दूध चोरायलीय. तीन येळेपासून कोणालाच हात लावू दिना. येक इंजेक्शन ठोका.” मी जाऊन पाहिलं. म्हैस ठणठणीत, कास तट्ट फुगलेली. विचारलं, रोज धार कोण काढतं? गडी इकडं-तिकडं बघायला लागला. शेवटी त्याची आई म्हणाली, “सून काढती. ह्यानं भांडून माहेरी लावून दिली तिला.” मी पेटी बंद केली आणि म्हणालो, याचं औषध तुझ्या सासरवाडीला मिळतं, जाऊन घेऊन ये. संध्याकाळी सून आली, तिनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली, नेहमीचं काहीतरी बोलली, आणि म्हशीनं पान्हा सोडला. जनावर माणसाचा आवाज ओळखतं. हे पुस्तकात नसतं असं नाही, पण पुस्तकातलं आम्ही लवकर विसरतो.

गंमत संपली. मला पुढं जे सांगायचं आहे त्यात गंमत कमी आणि संताप जास्त आहे. निवृत्त झालो म्हणून तो निवलेला नाही. रक्तदाबाची गोळी सुरू आहे आणि बायको म्हणते ती आमच्या एका साहेबांच्या नावानंच सुरू झाली.

गाव तळ्याकाठचं आहे. नाव सांगणार नाही. लोह्याहून मोटारसायकलवर तासाभराच्या आत पोचता येतं एवढं पुरे. नाव का सांगत नाही ते वाचता वाचता कळेल.

त्या तळ्याच्या बांधावरून माझा रोजचा रस्ता. हिवाळ्यात, सोयाबीन घरी आलेलं असतं आणि हरभरा घाट्यांवर यायच्या बेतात असतो, तेव्हा मी बांधावर बसून भाकरी खात असे. त्याच दिवसांत तळ्यावर मोठी पांढरी पाखरं उतरत. गावातले लोक त्यांना पांढरी घार म्हणत. घारीशी त्यांचं काही नातं नाही. नांदेडहून दुर्बीण घेऊन येणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला एका दुपारी शेजारी बसवून त्यांची सगळी कुंडली सांगितली. हा मोठा कुरव. समुद्रकाठी जे पांढरे पक्षी उडताना दिसतात त्या कुळातला, पण त्या कुळातही थोराड. घारीपेक्षा मोठा; पंख पसरले तर बुटक्या माणसाच्या उंचीएवढे. पाठ राखाडी, पोट शुभ्र, पाय पिवळसर, आणि पिवळी जाड चोच, तिच्या टोकाशी काळा पट्टा आणि लाल ठिपका. पिल्लं मळकट तपकिरी असतात आणि त्यांना मोठ्यांसारखं दिसायला काही वर्षं जावी लागतात. त्यामुळं एकाच थव्यात नातू, काका, आजोबा असे सगळे वेगवेगळ्या कपड्यांत दिसतात.

मूळ घर यांचं पार वर, मंगोलिया आणि रशियाच्या दक्षिणेकडच्या मुलखात. तिथं मोठमोठी तळी आहेत, त्यांतल्या बेटांवर हे जमिनीवरच घरटी करतात, दाटीवाटीनं. तळी गोठायला लागली की खाली येतात. बरेचसे समुद्र गाठतात. काही मात्र आमच्यासारख्या कोरड्या मुलखातल्या धरणांवर मुक्काम ठोकतात. दिवसभर पाण्याच्या मधोमध तरंगत बसायचं आणि दुसऱ्यानं धरलेला मासा हिसकायचा, हा धंदा. पाणकावळा मासा घेऊन वर आला की दोघं-तिघं त्याच्या मानगुटीवर. मेलेला मासाही चालतो. भोई लोकांच्या जाळ्यातला तर फारच आवडतो. आवाज घोगरा, बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यानं खाकरावं तसा. मला ही पाखरं आवडत. फुकट खाणारी, पण कोणापुढं लाळ न घोटणारी.

आता मुद्द्याची गोष्ट. हिवाळाभर यांचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागं थोडी काजळी पुसल्यासारखी. महाशिवरात्र जवळ आली की डोकी काळी व्हायला लागतात. परत जाऊन जोडी जमवायची असते ना, तो त्यांचा लग्नाचा साज. पूर्ण काळं डोकं, टोपी घातल्यासारखं. फक्त डोळ्याच्या वर आणि खाली एकेक पांढरी कोर राहते. लांबून पाहिलं तर डोळे सुजल्यासारखे वाटतात. आणि सगळ्यांची डोकी एकदम काळी होत नाहीत. आज एकाचं, चार दिवसांनी चौघांचं, मग अख्ख्या थव्याचं. साथ पसरते तसं.

त्या वर्षी बर्ड फ्लूच्या बातम्या होत्या. कुठं कावळे मेले, कुठं पोल्ट्रीतल्या कोंबड्या. आम्हाला वरून पत्रकं आली आणि गावोगाव सभा घ्यायला सांगितलं. तळ्याकाठच्या गावात मारुतीच्या पारावर मी सभा घेतली. पत्रक मोठ्यानं वाचलं. कोंबड्या अचानक मरणे. डोके, तुरा काळा-निळा पडणे. डोळ्यांभोवती सूज येणे. एकाकडून दुसऱ्याला झपाट्याने लागण होणे. असे काही आढळल्यास त्वरित कळवणे.

पुरुष तंबाखू मळत होते. प्रश्न एकीनंच विचारला. पार्वतीबाईनं.

“कोंबड्याचंच सांगायचं का पाखराचं बी?”

मी म्हणालो, कोणत्याही पाखराचं. रानातल्या, तळ्यावरच्या. लगेच फोन करायचा.

या पार्वतीबाईची ओळख करून द्यायला हवी. घरी थोडी जमीन, नवरा लातूरला एका गोदामात वॉचमन, एकुलती लेक किल्लारीकडं दिलेली. बाईचा जीव कोंबड्यांत. तिच्या आईकडून आलेला वाण तिनं सांभाळला होता. तांबूस रंगाच्या, काळ्या पायांच्या, उंच कोंबड्या. बाजारातली पिल्लं तिनं कधी त्यांच्यात मिसळू दिली नाहीत. आणि एकटीनं ठेवल्या असंही नाही. आमच्याकडं अर्धलीनं जनावर द्यायची रीत आहे. शेळी देतात, तशी खुडूक बसलेली कोंबडी अंड्यांसकट दुसरीला द्यायची. तिनं ती राखायची, पिल्लं निघून मोठी झाली की निम्मी तिची, निम्मी मूळ मालकिणीची. अशी अर्धलीनं देत देत पार्वतीबाईची कोंबडी जवळजवळ घरोघरी पोचली होती. नव्या सुनेला संसार लागला की सासू म्हणायची, जा, पार्वतीकडून एक टोपली घेऊन ये. लेक पहिल्या बाळंतपणानंतर सासरी निघाली तेव्हाही तिच्या मांडीवर बाळ आणि जीपमध्ये पायाशी खुडूक कोंबडीची टोपली होती.

मी लस टोचायला गेलो की मला कोंबड्यांमागं पळावं लागत नसे. बाई ओसरीत उभी राहायची आणि हाक मारायची, “या गं बायांनो, या, या, या.” कडब्याच्या गंजीवरून, बाभळीखालून, शेजारच्या वाड्यातून सगळ्या पंख पसरून धावत यायच्या आणि तिच्या पायाशी गोळा व्हायच्या. मग ती एकेक उचलून माझ्या हातात द्यायची.

सभेनंतर महिनाभरानं तिचा फोन आला.

“दाक्तर, तळ्यावरल्या पांढऱ्या घारीचं डोकं काळं पडलंय. परवा येकच व्हती, आज लई दिसायल्या. डोळे बी सुजलेत. तुमच्या कागदात लिव्हलंय तसंच हाय समदं.”

मला हसू आलं, पण मी गेलो. बोलावलं की जायचं, हा माझा नियम. बांधावर उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. ही पाखरं आजारी नाहीत, नटायला लागलीत. दरवर्षी नटतात, यंदा तू निरखून बघितलंस म्हणून तुला दिसलं. ती तोंडावर पदर घेऊन हसली.

“म्या उगी फोन केला म्हना की.”

“उगी नाही. असाच करत जा,” मी म्हणालो.

पण बांधावर तोवर आणखी कोणी येऊन गेलं होतं. कोणीतरी फोनवर चित्रण केलं, कोणीतरी ते पुढं ढकललं, आणि दुपारपर्यंत आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक फोनवर एकच मजकूर फिरत होता: तळ्यावर काळ्या डोक्यांची साथ. गावकऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी पत्रक वाचलं आणि पत्रकात लिहिलेलं डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्याकडून आम्ही जे मागितलं तेच त्यांनी केलं. चूक पुढं झाली, आणि ज्यांनी केली त्यांना कोणी चूक म्हणत नाही.

आमचे वरचे साहेब नुकतेच बदलून आले होते. त्यांनी मला बोलावून घेतलं. समोर फोन, फोनवर तेच चित्रण. मी सांगितलं, साहेब, हा पाखराचा हंगामी रंग आहे, मी लेखी देतो.

“तुम्ही पक्षीतज्ज्ञ आहात का?”

“नाही. नांदेडला एक प्राध्यापक आहेत. त्यांना आत्ता फोन लावतो.”

“नको. बाहेरच्या लोकांना यात आणू नका.”

“मग तुम्ही एकदा चला. गाडीतून उतरायचीसुद्धा गरज नाही. बांधावरून दिसतात.”

साहेबांनी फोन पालथा ठेवला. मग म्हणाले, “मी तिथं गेलो आणि कोणी फोटो काढला, तर साहेबांनी स्वतः पाहणी केली असं होईल. मग काहीतरी करावंच लागेल.”

हे वाक्य मी शब्दशः लिहून ठेवतो आहे, कारण इतक्या वर्षांत इतकं प्रामाणिक वाक्य मी त्या कचेरीत ऐकलं नव्हतं. दुर्दैव असं की पाखरं न बघताही त्यांनी काहीतरी केलंच.

भोई लोकांच्या जाळ्यात अडकून मेलेले दोन कुरव सापडले. त्यांच्या घशातून, मागून कापसाच्या काडीनं नमुने घेतले, बर्फात घालून पाठवले. इथवर सगळं रीतीप्रमाणं झालं. याच्यापुढची रीत अशी की अहवालाची वाट बघायची. अहवालात रोग निघाला, तरच आसपासच्या कोंबड्या मारायच्या. हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, दाराबाहेरच्या शिपायाला माहीत होतं. पण फोन वाजत होते. वरच्यांचे, पुढाऱ्यांचे, बातमीवाल्यांचे. प्रत्येकाला एकच विचारायचं होतं, काय कारवाई केली? वाट बघतोय, हे कारवाईसारखं दिसत नाही.

साहेब म्हणाले, “खबरदारी म्हणून गावातल्या कोंबड्या उचलायच्या.”

“लेखी आदेश द्या,” मी म्हणालो.

“मिळेल.”

तो अजून मिळायचा आहे.

मी हात लावणार नाही असं सांगितल्यावर दुसरीकडून पथक आणलं. पांढऱ्या पोशाखातली पोरं, तोंडाला पट्ट्या, हातात पोती. मी तरी गेलो. तळ्याच्या अंगाला जेसीबीनं खड्डा खणून ठेवला होता, शेजारी चुन्याच्या गोण्या. खड्ड्यापासून थोड्याच अंतरावर पाण्यात सगळा थवा तरंगत होता, काळी डोकी उन्हात चकाकत. पथकातल्या एकानंही तिकडं मान वळवून पाहिलं नाही. ज्यांच्यावर संशय त्यांना कोणी विचारायचं नाही, अशी ती चौकशी.

गावरान कोंबडी परक्याच्या हाती लागत नाही. पोरं पोती घेऊन गल्लीबोळांत धावली तशा कोंबड्या पत्र्यांवर चढल्या, बाभळीवर चढल्या, कडब्यात शिरल्या. तास गेला आणि पोत्यात काही नाही. गावातली लहानसहान पोरं हसायला लागली. साहेब गाडीत काचा वर करून बसले होते, त्यांनी काच अर्धी खाली केली.

“बायकांना सांगा, ज्यांच्या त्यांनी बोलवाव्यात.”

तपासणीला बोलावताहेत असं पथकातला एकजण सांगत सुटला. मी रस्त्याच्या मधे उभा राहून ओरडलो, तपासणी नाही, मारायला आलेत, कोणी बोलवू नका. साहेबांनी मला दोन माणसांकरवी बाजूला घ्यायला लावलं. त्याबद्दल पुढं मला ‘कारणे दाखवा’ नोटीसही आली. ती मी जपून ठेवली आहे. सेवेत मिळालेलं तेवढंच एक मानपत्र.

माझ्या ओरडण्याचा उपयोग झाला असता. बायका ओसरीतून हलल्या नव्हत्या. पण सरपंचाला बाजूला घेऊन साहेबांच्या माणसानं सांगितलं की कोंबड्या निघाल्या नाहीत तर गाव बंद करावं लागेल, दुधाची गाडी येणार नाही. दुधावर अर्धं गाव चालतं. सरपंच घरोघर फिरला. मग ज्या शेजारणींनी पार्वतीबाईकडून अर्धलीनं कोंबड्या नेल्या होत्या, त्याच तिच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एक म्हणाली, “पार्वते, तुझ्या आवाजाला समद्याच येत्यात. तूच बोलव आता. माज्या दोन म्हशी हायेत गं.”

पार्वतीबाई माझ्याकडं बघत होती. तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं आणि माझ्याकडं काही नव्हतं. मी दोन माणसांच्या मधे उभा.

ती घरात गेली. मला वाटलं, दार लावून घेईल. ती सुपात ज्वारी घेऊन बाहेर आली. साहेबांचा माणूस म्हणाला, बाई, दाण्याची गरज नाही. ती म्हणाली, “रिकाम्या पोटी कशाला?” आणि तिनं ज्वारी अंगणभर फेकली आणि हाक मारली, “या गं बायांनो, या, या, या.”

सगळ्या आल्या. पत्र्यावरून, बाभळीवरून, कडब्यातून, शेजारच्या आळीतून. पंख पसरून, नेहमीसारख्या धावत. तिच्या पायाशी दाणे टिपायला लागल्या. पोरांना फक्त वाकायचं होतं.

यापुढचं लिहीत नाही. खड्डा बुजवला, वरून चुना टाकला, गाड्या गेल्या. कुरव संध्याकाळपर्यंत तिथंच होते. काही दिवसांनी उत्तरेकडं उडून गेले, ठरल्या वेळी, काळी डोकी घेऊन, लग्नाला.

अहवाल आला. रोग नव्हता. दोन्ही पाखरं जाळ्यात गुदमरून मेली होती, जे भोई पहिल्याच दिवशी सांगत होते. मी तो कागद घेऊन साहेबांपुढं ठेवला. त्यांनी वाचला, सही केली आणि म्हणाले, “चला, बरं झालं.”

“कोणाचं?” मी विचारलं.

त्यांना ती कोटी वाटली. हसले आणि चहा मागवला. मी तो चहा प्यायलो नाही एवढंच मला सांगता येतं. लाज वाटते ती याची, की त्या माणसाला अंगणात नेऊन उभा करण्याइतकी माझी जात मोठी नव्हती, पद मोठं नव्हतं, आवाज मोठा नव्हता. पुढं त्यांची बढती झाली. तत्पर कारवाईबद्दल कौतुक झालं, म्हणे.

कोंबड्यांची हानी तर झालीच. पण माझ्या धंद्याचा जो खरा आधार असतो तो त्या दिवशी त्या खड्ड्यात गेला. आमचं सगळं काम सांगण्यावर चालतं. म्हैस चरत नाही, शेळी गाभडली, कोंबडी मान टाकते आहे, हे कोणीतरी आम्हाला आपणहून येऊन सांगावं लागतं. जनावर बोलत नाही, त्याच्या वतीनं माणूस बोलतो. त्या गावानं बोलणं बंद केलं. फोन नाही, निरोप नाही. मी गाडीवरून गेलो की बायका दारं लावून घेत. कोंबड्या किती, विचारलं की एकच उत्तर, न्हाईत. उद्या तिथं खरोखरची साथ आली तर सगळ्यात शेवटी आम्हाला कळेल. शहरात बसून अंडी खाणाऱ्यांनीही याचा विचार करायला हरकत नाही.

पुढच्या हिवाळ्यात कुरव पुन्हा आले. त्याच सुमारास शेजारच्या गावांत मानमोडी सुरू झाली. मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा जुना, ओळखीचा काळ. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि आळीच्या आळी साफ होते. याला मात्र लस आहे, स्वस्त आहे, आणि ती माझ्या बर्फाच्या पेटीत होती. मी तळ्याच्या रस्त्यानं निघालो. महाशिवरात्र तोंडावर आली होती. बांधाजवळ दोन बाया धुणं धूत होत्या आणि त्यांच्यासमोर पाण्यात पाच-सहा कुरव, डोकी अर्धी काळी झालेली.

मी सहज विचारलं, “पाखरं रंगायला लागली वाटतं यंदा.”

एकीनं हातातलं लुगडं पिळलं. पाण्याकडं पाठ करून म्हणाली, “कोणती पाखरं? आमाला तर काय दिसत न्हाई.”

तिच्या मागं एक कुरव घोगरा ओरडला. तिनं मानसुद्धा वळवली नाही.

पार्वतीबाईच्या अंगणात गेलो. अंगण फार स्वच्छ होतं. एवढं स्वच्छ की माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळावं, मुद्दाम झाडून काढलंय. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. रीत सोडली नाही. मी खाटेवर बसलो.

“कोंबड्या आहेत का पार्वतीबाई?”

“न्हाईत.”

“एखादी?”

“येक बी न्हाई. तुमीच नेल्या की समद्या.”

आतल्या खोलीतून कोंबडा आरवला. खणखणीत, लांबलचक. ती चहा गाळत होती. गाळणं हललं नाही.

“रेडू लागलाय,” ती म्हणाली, म्हणजे रेडिओ.

मी चहा घेतला. दाराच्या फटीतून आतल्या टोपलीचा काठ दिसत होता आणि त्यावरून एक काळा पाय. मला सगळं कळलं. किल्लारीहून आली होती. लेकीच्या पायाशी जीपमध्ये बसून जी कोंबडी गेली होती, तिचीच नातवंडं, अर्धलीचा आईचा वाटा म्हणून परत आलेली.

“मानमोडी शेजारच्या गावापर्यंत आलीय,” मी म्हणालो. “लस आणलीय. मी पथक आणलेलं नाही, कागद आणलेला नाही. एकटा आलोय.”

“तुमी चांगलेच हाव, दाक्तर. तुमच्यावर राग न्हाई.” ती समोर उकिडवी बसली. “पण तुमी आले, की तुमच्या मागून कोण येतंय ते आमी बघितलंय.”

 मी तिच्याकडून एक तांब्या मागितला. त्यात बर्फ घातला, लस पातळ करून तिची कुपी त्यात ठेवली, शेजारी ड्रॉपर. मग भिंतीकडं बघून बोलायला लागलो. गावात कोणाकडं असतीलच, तर एकेक थेंब डोळ्यात सोडायचा. डोळा मिटेपर्यंत धरून ठेवायचं. ऊन लागू द्यायचं नाही, दोन तासांच्या आत संपवायची, मग उपयोग नाही. लहान पिल्लांनाही चालते. सगळ्या आळीला पुरेल एवढी आहे.

 मी पेटी उचलली आणि निघालो.

मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी लावली होती. किल्ली फिरवणार तेवढ्यात मागून आवाज आला. घराच्या मागच्या अंगाकडून, हलक्या, दाबलेल्या आवाजात, चोरी करताना बोलावं तशी ती बोलावत होती. “या गं बायांनो, या, या.” स्वतःच्याच कोंबड्यांना, स्वतःच्याच घरात. मग पंखांची फडफड, आणि शेजारच्या दोन घरांच्या कड्या एकामागून एक निघाल्याचा आवाज.

मी गाडी सुरू केली नाही. आवाजानं त्या बुजतील म्हणून बांधापर्यंत ढकलत नेली.